मिस ओडेसांची लांबलेली साक्ष

चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे सगळ्यांसमोर देवाचे आभार मानायला, मी जन्मात कधी उभा राहिलो नाही. बस चालवणाऱ्यानं समोर बघावं आणि तोंड मिटून ठेवावं, असं माझं मत. पण मिस ओडेसा हूपर यांच्याबद्दल मला बोलायचंय. एकदा माझी पाळी हुकलीय, तेव्हा आता ऐकून घ्या.

अलाबामातल्या आमच्या टकर्स बेंडमध्ये, नदीच्या या वळणावरच, बाईंचा जन्म गेला. तरुणपणापासून कॅटफिश साफ करायच्या कारखान्यात होत्या. गार पाण्यात पाय आणि हातात सुरी, तेही सगळं उभ्यानं. एकदा बसायला स्टूल मागितलं, तर मुकादम म्हणाला, मासे काय बसून येतात का? गुडघे तिथंच गेले. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. पण वस्तीतल्या निम्म्या पोरांची नाकं त्यांनी पुसलीत, माझंसुद्धा.

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी चुकवली नाही, मतदान. त्यांच्या आईच्या वेळी काळ्या माणसानं नाव नोंदवायला जायचं म्हणजे परीक्षाच असायची. कोर्टातला कारकून विचारायचा, साबणाच्या वडीत बुडबुडे किती? सांगा आता! उत्तर आलं नाही की चला घरी. असल्या बाईच्या पोटची लेक मताला जाणार नाही तर काय करणार?

आमचं मतदान जुन्या शाळेत व्हायचं, चालत जाण्यासारखं. मग कौंटीनं, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी, ते उचलून नदीपलीकडच्या गावातल्या कोर्टात नेलं. पूर्वी असलं काही करायचं तर आधी वॉशिंग्टनची परवानगी लागायची, काळ्यांचं मत कुणी अडवू नये म्हणून. ते बंधन सुटलं आणि शाळेला कुलूप लागलं. आमची म्हातारी माणसं गाडी चालवत नाहीत, आणि पुलावरून फिरून जायचं म्हणजे लांबचा पल्ला. तेव्हापासून मतदानाच्या दिवशी चर्चची बस, आणि बसवर मी.

ते बंधन पुन्हा आणायचा कायदा त्या वर्षी वॉशिंग्टनला पोचला होता. मिस ओडेसा टीव्हीला डोळे लावून बसायच्या. सिनेटमध्ये शंभर माणसं, पन्नास इकडं नि पन्नास तिकडं. कायद्यावर मत घ्यायचं तर आधी साठ जणांनी 'पुरे झालं बोलणं' म्हणायला हवं. आणि डोंबलाचं बोलणं, बोलत कुणीच नव्हतं! आम्हाला बोलायचंय एवढं कळवलं की झालं, घोंगडं भिजत पडलं. हा नियमच बदलू म्हटलं, तर आपल्याच बाजूचे दोघं आडवे आले. कायदा जागच्या जागी बसला. बाई इतक्या संतापल्या की हातातली वाटाण्याची शेंग त्यांनी टीव्हीवर फेकली. म्हणाल्या, अडवायचंय ना, मग उभं राहून अडवा की. मासे सोलणाऱ्या बाईला उभं राहता येतं, यांच्या पायांना काय झालंय?

आता त्याच उन्हाळ्यात आमच्या चर्चचं छप्पर गळायला लागलं. गायकांच्या डोक्यावरच धार लागायची. डीकन लमार बग्ज म्हणजे आमच्या कारभाऱ्यांतले मोठे. त्यांनी सुचवलं, बस विकू आणि छप्पर घालू. झालं, चर्चचं सिनेट झालं. डाव्या बाकांवर छप्परवाले, उजव्या बाकांवर बसवाले. छप्परवाल्यांच्या बायकांनी केलेलं पीच कॉब्लर, आमच्याकडचं पीचचं गोड, बसवाले तोंडात घालेनात. मी घातलं, पण गुपचूप.

लमार वाईट माणूस नव्हे हो. त्यांचं म्हणणं, छप्परच नसेल तर चर्च कसलं? मिस ओडेसांचं म्हणणं, पावसात भिजलेलं माणूस वाळतं, हुकलेलं मत वाळत घालता येत नाही. कुणी कुणाचं ऐकेना. सप्टेंबरातल्या एका रविवारी जेवणानंतर सभा ठरली. माणसं मोजली तर छप्परवाले जास्त होते. लाकूडतोडीचा एक ठेकेदार बस घ्यायला आलाच होता, बाहेर आपल्या ट्रकमध्ये बसून होता. त्याला आजच्या आज हो किंवा नाही हवं होतं. पुढची सभा जानेवारीत, आणि मतदान नोव्हेंबरात. म्हणजे त्या दुपारी हात वर झाले असते, तर बेंडमधली म्हातारी माणसं नदीच्या अलीकडेच राहिली असती.

पण आमचे पास्टर पडले सवयीचे गुलाम. आमच्याकडं कुठलाही निर्णय घेण्याआधी विचारायचं असतं, देवाचे आभार मानायला कुणाला साक्ष द्यायचीय का? आणि साक्ष चालू असताना मध्ये तोडायचं नाही, खुद्द पास्टरनीही नाही. ही रीत आमच्या आजोबांच्या आधीपासूनची. पास्टरनी विचारलं, आणि मिस ओडेसा काठी टेकून उठल्या. मी मनात म्हटलं, आता छप्परवाल्यांची काही खैर नाही.

पण त्या भांडल्याच नाहीत. विक्रीचं नावसुद्धा काढलं नाही. नुसते आभार मानत सुटल्या. बसच्या चाकांचे, नदीवरच्या पुलाचे, मग एकेका माणसाचे. म्हातारा इझेकिएल, जो बसमध्ये घोरायचा. रोझेटा, जी सगळ्यांसाठी तळलेलं चिकन आणायची आणि पंख तेवढे स्वतःला ठेवायची. दोन्ही डोळे गेलेला क्लिओफस, जो वळणावरून ओळखायचा कुठं आलो ते. बसनं ज्याला ज्याला पलीकडं नेलं, त्याचं नाव घेतलं आणि देवाचे आभार मानले. आधी लोक 'आमेन' म्हणत होते. मग कुणी जांभया दिल्या, कुणी घड्याळ पाहिलं. एरंडाचं गुऱ्हाळ कुठवर चालणार, अशी कुजबुज झाली. बाहेर ठेकेदारानं दोनदा हॉर्न वाजवला. उन्हं बाकांवरून भिंतीवर गेली आणि बाईंचे गुडघे थरथरायला लागले.

शेवटी त्या लमारकडं वळल्या.

"लमार, तुझ्या आईचे आभार मानायचे राहिलेत. शेवटच्या वेळी तिला उचलून बसमध्ये ठेवलं होतं. परत येताना तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, ओडेसा, आज मला बुडबुडे विचारले नाहीत गं."

लमार उठले, भिंतीजवळची घडीची खुर्ची आणली आणि बाईंच्या मागं उघडून ठेवली. बाईंनी मान हलवली.

"नको रे. बसले की माझी पाळी संपली."

"बसा तुम्ही, मिस ओडेसा," लमार म्हणाले. "मी उभा राहतो. आईचे आभार मलाही मानायचेत."

आणि तो धिप्पाड माणूस बोलायला लागला. आई कशी कापूस वेचायची, आपण तिला कधी मताला नेलं नाही, कारण वेळ नव्हता, आणि या बसनं नेलं. बोलता बोलता रडले. मग डाव्या बाकावरचं एकेक माणूस उठलं, उजव्या बाकावरचं उठलं. कोण कुठल्या बाजूचं, कुणाला आठवेना. ठेकेदार केव्हा निघून गेला ते कळलंही नाही. संध्याकाळच्या उपासनेची घंटा झाली आणि सभा मत न घेताच संपली. मीही आभार मानायला उठतच होतो, तेवढ्यात घंटा झाली.

घरी सोडताना मी बाईंना चिडवलं. म्हटलं, वर्षभर ज्या सिनेटवाल्यांना शिव्या घातल्यात, त्यांच्यासारखंच केलंत की.

"मी उभी होते, थर्मन," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या बोलण्यानं कुणाचं दार बंद झालं नाही."

मी गिअर बदलला.

छपरावर लमारनी सगळ्यांना घेऊन पत्रे ठोकले. अजून गळतं, पण थोडं. वॉशिंग्टनचं घोंगडं अजून भिजतंच आहे. नोव्हेंबरात बस भरून गेली, आणि दारापासच्या सीटवर डीकन लमार, मांडीवर तीच घडीची खुर्ची. कोर्टाबाहेर ही लांबलचक रांग. रांग दोन पावलं सरकली की लमार खुर्ची उचलायचे, दोन पावलं पुढं मांडायचे आणि म्हणायचे, बसा. मिस ओडेसा हसत हसत बसायच्या. दारापर्यंत त्या अशाच गेल्या.

तर मला एवढंच सांगायचं होतं. मिस ओडेसा, तुम्ही माझं नाक पुसलंत त्याबद्दल, आणि माझी बस राखलीत त्याबद्दल, थर्मन तुमचे आणि देवाचे आभार मानतो. त्या दिवशी घंटा झाली म्हणून राहिलं होतं. झालं. आता मी बसतो.