बिनकवाडाची खोली

हिरजी सकाळी दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "रतन गया." मी न्हाव्यापुढं बसलेलो, अर्ध्या तोंडाला साबण. म्हटलं, "कोठे गया?" हिरजीनं डोक्यावरची टोपी काढली... मग उमजलं. तसाच उठलो आणि गाडी धरली. नवापूरला रतनच्या मागं अर्धी दाढी घेऊन चाललो. लोकांना वाटलं, आमच्यात अशीच रीत असेल. रतन तिरडीवर होता म्हणून, नाहीतर पहिला तोच हसला असता.

हे मी सांगतोय, नात लिहून घेतेय. मी शाळेत एकच दिवस गेलो. मास्तरनं मला मारलं, मी मास्तरला चावलो. बापानं मास्तरची माफी मागितली आणि मला घोड्याकडं आणून बांधलं. तेव्हापासून नंदुरबार टेसनावर टांगा. घोडा मला लाथा मारायचा, मी त्याला चाबूक. आमच्या दोघांत शहाणा तोच, गिऱ्हाइकं पण असंच म्हणत.

इंग्रजांचं राज्य, लढाई चाललेली, रॉकेल मिळेना. रतन धानोऱ्याच्या पाटलांचा, नंदुरबारात मामाकडं राहायचा. हिरजी खापरच्या वरल्या डोंगरातला, बाप जंगलात लाकडं तोडायचा. दोघं सुरतेच्या कॉलेजात, एका वर्गात. केमिस्ट्रीची मोठी परीक्षा आली म्हणून सुट्टीत वाचायला आले. पण मामाच्या घरात हिरजीला ओट्याच्या वर पाय ठेवू देईनात. मग दोघं माझ्या तबेल्यात. दार आतून लावायचे, कोणी बघू नये म्हणून.

त्यांची वाचायची पद्धत कसायाची. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं, चुकलं की कानाखाली. चापट अशी की घोडा कान टवकारायचा. पुस्तकातलं संपलं की मी अत्ताराकडून खारांच्या पुड्या आणायचो. नाव सांगायचं नाही, त्यांनी ओळखायची. मला वाचता येत नाही, त्यामुळं माझ्याकडून पेपर फुटायची भीती नव्हती. एकदा त्यांनी नवसागर आणि चुना खलात घोटला. रतन म्हणाला, "भिका, वास ले." मी अत्तर समजून छातीभर ओढला. डोळे पांढरे झाले, मागं पडलो तो घोड्याच्या पायात, आणि घोड्यानं आपलं काम केलं. दोघं पोट धरून हसले. मी लिदीत पडल्या पडल्या विचारलं, "पास झालो का?"

त्या दिवशी पांढरी पूड होती. रतननं पत्र्यावर तापवली, ती फेसासारखी फुगली. "टाकणखार," रतन म्हणाला, म्हणजे सोनार डाग द्यायला वापरतो तो. हिरजीनं जिभेला लावली, थुंकला, आणखी काय काय करून बघितलं. "तुरटी शे." आणि ठेवून दिली रतनच्या कानाखाली.

त्याच वेळी मामानं लाथ मारून दार मोडलं. भाचा जेवायला आला नाही म्हणून शोधत आलेला. बघतो तर डोंगरातला पोरगा त्याच्या भाच्याला मारतोय! हातात काठी होती. पहिली हिरजीच्या उजव्या हातावर बसली. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला... वाळलेली तुराटी मोडावी तसा. "तू मन्हा भाचाले हात लावस?" दुसरी पाठीत. तिसरी डोक्यात बसली असती, पण मी मध्ये पडलो. हिंमत म्हणून नाही, घोड्याच्या दोरात पाय अडकला. म्हटलं, "मामा, पोरं केमिस्ट्री करताहेत!"

"चापटीले केमिस्ट्री म्हणस?" आणि ती काठी माझ्या खांद्यात. तो खांदा अजून थंडीत मला मामाची आठवण देतो.

रतन ओरडत होता, मी पण त्याला मारतो, रोज मारतो, हाच अभ्यास आहे. मामाला ऐकू कुठं येतंय. हिरजीनं एका हातानं आपली पथारी गुंडाळली. रडत नव्हता. म्हणाला, "मी जास. आते गऊ ते परत नही येवाव. बापसंगे कुऱ्हाड धरसू."

रतन मोडक्या दारात आडवा उभा राहिला. "बठ. मन्ही पाळी बाकी शे. इचार."

"रतन, जाऊ दे..."

"इचार!"

हिरजीनं पत्र्याकडं बघितलं. "हाई काय शे?"

"टाकणखार," रतन म्हणाला आणि गाल पुढं केला. "चुकनू. मार."

मामा काठी उगारून उभा. "हात उचल, मग दखाडस तुले!" मी घोड्याच्या पोटाखाली शिरलेलो. घोडासुद्धा लाथ मारायचं विसरला. हिरजीनं काखेतली पथारी खाली टाकली. मग त्यानं डावा हात उचलला आणि मारली. अशी मारली की रतन चौकटीवर आपटला. मामाची काठी आली, पण हिरजीवर नाही, मध्ये आलेल्या रतनच्या भुवईवर. रक्त डोळ्यात उतरलं. रतननं ते बाहीनं पुसलं आणि हिरजीला म्हणाला, "पुढलं इचार."

मामा काठी टाकून गेला. जाताना भाच्याला घर बंद करून गेला. दोघं परीक्षेपर्यंत माझ्याकडं राहिले, माझ्या हातच्या भाकरी खाऊन. ती मारहाण वेगळी. हाडवैद्यानं हिरजीच्या बोटांना बांबूच्या कामट्या बांधल्या. तो अंगठा आणि करंगळीत टाक धरून लिहायला शिकला. अक्षर वाकडं झालं की रतन हाणायचा. रतनचा एक डोळा सुजून बंद. मी त्यांना टेसनावर सोडलं तेव्हा एका हमालानं विचारलं, "काय रे भिका, कुस्ती हरनात का?"

दोघं पास झाले. रतन नवापूरला मास्तर झाला. घर बांधलं, आणि ज्या खोलीत मुलं अभ्यासाला बसायची तिला कवाड लावलं नाही. गावातली, डोंगरातली, सगळी तिथंच. बायको म्हणायची, कुत्रं शिरतं. रतन म्हणायचा, "शिरू दे. कोण कोणासंगे बठनं, रस्त्यावरथून दिसाले पाहिजे."

परवा रतनचं तेरावं झाल्यावर त्याच्या मुलानं सुतार आणला. खोलीत आता धान्य ठेवायचं, कवाड हवंच. हिरजी सरळ त्या खोलीत जाऊन बसला. मला चांगलं बोलता येत नाही. मी चौकटीत आडवा बसलो आणि सुताराला म्हटलं, "बाबा, आधी मला उचल, मग ठोक." पोट असं आहे की दोघांनी ओढून हललो नाही. शेवटी रतनच्या मुलाला हसू आलं, मग रडू... सुतार चहा पिऊन गेला. मला उठवायला मात्र तिघं लागले.