हात न लावता घडवलेला संघ

२००६ सालच्या जून महिन्यातला पहिला रविवार. रक्कम बारा डॉलर पंच्याण्णव सेंट, म्हणजे तेव्हाच्या दराने सहाशे रुपयांच्या आसपास. हजर माणसं तीन: मी, खालच्या मजल्यावर राहणारे घरमालक हनुमंत राव आणि त्यांच्या पत्नी राधाबाई. कीबोर्डही होता, पण त्याचे तुकडे झाले होते.

आम्ही नाशिकहून चेन्नईला नुकतेच आलो होतो. अण्णा नगरातलं ते घर ऑफिसातल्या एकाने सुचवलं. मालक तंजावरकडचे मराठी आहेत, तुम्हाला सोयीचं पडेल, असं त्याचं म्हणणं. भाड्याची बोलणी राधाबाईंनीच केली होती. हनुमंत रावांना मी तोवर पाठमोरंच पाहिलं होतं. त्या सकाळी खालून धाडधाड आवाज येऊ लागला आणि मधूनमधून तमिळ शिव्या. बायको म्हणाली, कोणीतरी कोणाला तरी मारतंय, बघून या. मी जिना उतरलो. राधाबाई जमिनीवर बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होत्या आणि त्यांच्यापासून दोन हातांवर साठीचा, सहा फुटांहून उंच माणूस, वेष्टी, म्हणजे तिकडची लुंगी, वर खोचून, कीबोर्ड टेबलाच्या कडेवर आपटत होता. बटणं उडून शेंगांत पडत होती. राधाबाई ती वेचून बाजूला ठेवत होत्या.

मला पाहून ते थांबले. धाप टाकत म्हणाले, "तुमच्यापाशी क्रेडिट कार्ड आहे काय?"

त्यांच्याशी माझी ओळख झाली ती अशी.

प्रकरण असं होतं. अमेरिकेत एक इंटरनेटवरचा खेळ चालत असे. त्यात तुम्हाला तिथल्या एखाद्या कॉलेजचा बास्केटबॉल संघ मिळतो. बारा पोरं, प्रत्येकाच्या वेगाचे, उडीचे, नेमाचे आकडे. तुम्ही कोच. नवी पोरं मिळवायची, सरावाची मिनिटं वाटायची, कसं खेळायचं ते लिहून ठेवायचं. मॅच मात्र तुमच्या पाठीमागे यंत्रच खेळतं आणि सकाळी निकाल लावतं. सीझन सहा आठवड्यांचा, म्हणजे पोरांचं कॉलेजातलं एक वर्ष. सीझनची फी वर सांगितली ती. पहिल्या सीझनची दुसऱ्या कोणीतरी भरली होती, आता हनुमंत रावांना ती स्वतः भरायची होती. त्यांनी सहाशे रुपये रोख मोजून दिले, मी कार्डाचा नंबर घातला.

कीबोर्ड कशासाठी फुटला तेही विचारलं. शेवटच्या क्षणी एक गुण मागे असताना त्यांच्या सर्वांत भरवशाच्या पोराने दोन्ही फ्री थ्रो चुकवले होते. त्याचा आकडा होता शंभरात त्र्याऐंशी. मी कॉस्ट अकाउंट्सचा माणूस. कागद घेतला आणि सांगितलं की दोन्ही चुकायची शक्यता शंभरात जेमतेम तीन आहे, पण आहे. त्यांनी समोरचा कॉफीचा पितळी डबरा, पेल्याखालची ती खोलगट वाटी, उचलून भिंतीवर मारला. भिंतीचा पोपडा पडला.

"कसाला हिशेब सांगतां, शिंत्रे? माझं पोर असतं तर कानाखाली दिली असती. दुसरा थ्रो आत गेलाच असता. इथं मारायला कान नाही. कान नाही हो!"

सगळं अण्णा नगर त्यांना 'कोच सार' म्हणत असे. एका शाळेत त्यांनी वीस-बावीस वर्षं पोरं घडवली आणि वीस-बावीस वर्षं ती बडवली. छत्रीच्या काडीने पोटऱ्यांवर, बॉलने पाठीवर, हाताने तोंडावर. "पाय झोपला तर हात काय करील?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य, झोपलेले पाय ते छडीने जागे करत. दुसरं वाक्य, "दया बेंचवर बसवा." एका राज्य स्पर्धेच्या फायनलला, मध्यंतरात, त्यांनी आपल्या कॅप्टनच्या डाव्या कानाखाली अशी दिली की पडदा फाटला. कानातून रक्त येत असताना पोर उरलेली मॅच खेळलं. कप आला. शाळेने कप ठेवून घेतला आणि कोचना काढून टाकलं.

हे मला राधाबाईंनी सांगितलं. तो कॅप्टन म्हणजे सेल्वम. जॉर्ज टाउनमध्ये त्याच्या वडिलांचा नट-बोल्टचा ठोक व्यापार. मध्ये दोन वर्षं तो अमेरिकेत शिकायला होता, तिथे त्याला ह्या खेळाची चटक लागली. परत आला तेव्हा आमच्या भागातल्या क्लबच्या कमिटीवर गेला. क्लबला मुलींच्या संघासाठी कोच हवा होता. हनुमंत राव स्वतः त्याच्याकडे गेले. शाळा सुटल्यापासून त्यांनी मैदानात पाऊल टाकलं नव्हतं आणि त्यासाठी ते कोणाच्याही पाया पडायला तयार होते, असं राधाबाई म्हणाल्या. सेल्वमने एकच अट घातली. हात न लावता एक संघ घडवून दाखवा. इंटरनेटवरच्या माझ्याच लीगमध्ये. स्पर्धा जिंकलात की मुली तुमच्या. पहिल्या सीझनची फीही त्यानेच भरली होती.

"आधी पोरांना मारत होते, आता लाकडाला मारतात," राधाबाई म्हणाल्या. "लाकूड बरं. लाकडाला आई नाही."

पुढची दोन वर्षं मी त्या खेळात ओढला गेलो. सकाळी ऑफिसची बस येण्याआधी निकाल पाहायला खाली जायचं, संध्याकाळी आकडे मांडायचे. त्यातलं सुखही खरं होतं. कोणी न घेतलेलं एक हडकुळं पोर त्यांनी उचललं होतं. नाव इंग्रजी, पण कोच त्याला 'मुरुगन' म्हणत. सीझनमागून सीझन त्याची मिनिटं वाढवत नेली आणि शेवटच्या वर्षी तो लीगमधला पहिल्या नंबरचा रिबाउंडर, म्हणजे हुकलेले बॉल पकडणारा, झाला, तेव्हा कोचनी राधाबाईंना पायसम करायला लावलं. तो कॉलेज संपवून यादीतून गेला त्या दिवशी त्यांनी कपाटाची काच फोडली. मनगटाला टाके पडले. कशासाठी फोडली, तर त्याला निरोपाची एक शिवीसुद्धा देता आली नाही म्हणून.

हरल्यावर तर विचारू नये. एकदा माऊस वायरीसकट उपटून पंख्यावर फेकला, पंख्याने तो परत त्यांच्याच कपाळावर मारला. एकदा मी म्हणालो, आकड्यांप्रमाणे आपण बरोबर खेळलो. तर माझी कॉलर धरून मला दारापर्यंत नेलं, बाहेर सोडलं आणि दुसऱ्या दिवशी वर इडल्या पाठवल्या. खुर्च्या दोन मोडल्या. आमची मुलगी त्या घरात जायला घाबरे आणि मी तिला जा म्हणत नसे.

२००८ च्या उन्हाळ्यात ते फायनलला पोहोचले. समोर सेल्वमचाच संघ. मी सगळे आकडे मांडून सांगितलं की सरावाची मिनिटं नेमबाजीला द्या. कोच म्हणाले, नाही, बॉल हाताळायला द्या.

"सेल्वम फुल कोर्ट प्रेस करेल. पूर्ण मैदानभर अंगावर येईल. कां म्हटल्यास ते मी त्याला शिकवलंय, छडीनं. छडीचं कोणी विसरत नाही, शिंत्रे."

अन् तसंच झालं. सेल्वमच्या पोरांनी पहिल्या मिनिटापासून प्रेस केली, कोचच्या पोरांनी ती फोडली, आणि शेवटी दमलेल्या संघाला सात गुणांनी हरवलं. सकाळी निकाल वाचून कोच खुर्चीत बसून राहिले. काही फोडलं नाही. मग उठून दाढी केली आणि जुनी शिट्टी काढून चिंचेने घासली.

अकराच्या सुमारास सेल्वम आला. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, हातात टी. नगरहून आणलेला मिठाईचा डबा. खिशातून क्लबच्या बॉल ठेवायच्या खोलीची किल्ली काढून त्याने टेबलावर ठेवली आणि हसून म्हणाला, सार, हरलो. राधाबाईंनी डोळे पुसले. मग तो वाकून पडद्यावर मॅचचा तपशील वाचू लागला. मी त्याच्या उजवीकडे, कोच डावीकडे.

कोचनी तमिळमध्ये हलक्या आवाजात विचारलं, मुली किती आहेत? सेल्वम वाचत राहिला. त्यांनी पुन्हा विचारलं. तो वाचतच होता. पोराला तिसऱ्यांदा विचारायची त्यांना सवय नव्हती.

हात केव्हा उठला ते मला दिसलं नाही. आवाज ऐकू आला. चष्मा खाली गेला आणि मिठाईचा डबा उलटून लाडू जमिनीवर सांडले. सेल्वम टेबलाला धरून उभा राहिला. गालावर पाचही बोटं उठली होती, त्याच डाव्या कानाच्या खाली.

त्याने चष्मा उचलला, पुसला. आवाज चढवला नाही. माझ्या तोडक्या तमिळलाही कळलं.

"सार, ह्या कानानं मला ऐकू येत नाही. दुसऱ्या कोणाला माहीत नसेल. तुम्हाला आहे."

मग त्याने किल्ली उचलली आणि गेला.

कोच आपल्या पंज्याकडे पाहत उभे होते. राधाबाई खाली वाकून लाडू गोळा करत होत्या. वर न पाहता त्यांनी नवऱ्याला विचारलं, "घरात फोडायला काही उरलं नव्हतं काय?"

त्या दिवसानंतर खालून आवाज येणं बंद झालं. क्लबने मुलींसाठी दुसरा कोच नेमला. मुली संध्याकाळी आमच्या रस्त्याने बॉल आपटत जात, तेव्हा कोच खिडकी लावून घेत. मला वाटलं, खेळही सुटला.

मग एका सकाळी ते जिना चढून वर आले. वर येण्याची ती पहिलीच वेळ. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. मुठीत सहाशे रुपये होते.

"सीझन सुरू होतोय. भरा."

मी म्हणालो, आता कशासाठी, कोच? मैदान तर गेलं.

"तिथं कान नाहीत, शिंत्रे," ते म्हणाले. "मी तिथंच बरा."

त्याच दुपारी मी माझ्या कार्डावरून बारा डॉलर पंच्याण्णव सेंट त्या अमेरिकन कंपनीला भरले. ते होते तोवर दर सीझनला भरत राहिलो.