सूचक म्हणून लिहिलेलं नाव

यंदाच्या आश्विनात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मी पाच विषय लिहिले. नाल्या उपसणे. डासांसाठी फवारणी. रस्त्यावर सोयाबीन वाळत घालण्यास मनाई. पाण्याची टाकी धुणे. आणि पाचवा, आठवडी बाजारात गोड्या पाण्याचा नळ देणे. खाली ग्रामसभेचा वार आणि वेळ.

मी ग्रामपंचायतीत लिपिक होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अक्षर चांगलं म्हणून फळा अजून माझ्याकडेच आहे. सूचना मोबाईलच्या ग्रुपवरही येते. तरी म्हातारी माणसं फळ्यापाशी थांबून वाचतात, आणि टाकी धुवायच्या दिवशी पाणी येणार का, हे मलाच विचारतात.

पाचवा विषय लिहिताना माझा हात थांबला. बाजारात गोडं पाणी नाही, याला कारण एक जुना ठराव आहे. तो माझ्या अक्षरात आहे. त्यात सूचक म्हणून जिचं नाव आहे, तिनं तो कधी सुचवला नव्हता. हे ज्यांना माहीत होतं त्यांतले तेव्हाचे सरपंच गेले. उरलो मी आणि ती बाई. म्हणून आता लिहितो.

आमचं गाव भातकुलीकडच्या खारपाणपट्ट्यातलं. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. गोड्या पाण्याची विहीर एकच, गावाच्या वरच्या अंगाला. पूर्वी बाजार तिच्याजवळच्या निंबाखाली भरायचा. भाजीवाल्या बाया विहिरीवरून बादली आणायच्या आणि दिवसभर मेथीवर आणि सांबारावर, म्हणजे कोथिंबिरीवर, पाणी शिंपडायच्या. खाऱ्या पाण्याचा शिपका मारला तर सांबाराचं पान कडेनं काळं पडतं आणि दुपारपर्यंत जुडी मान टाकते. हे गावातल्या लहान पोरालाही माहीत होतं. मलाही होतं.

सरपंचांना निंबाखाली दुकानांचे गाळे बांधायचे होते. बाजार विहिरीपासून लांब, फाट्याजवळच्या मोकळ्या जागेत न्यायचा होता. भाजीवाली घरं अडून बसतील, हे उघड होतं. त्यांच्यातली एकच बाई तेव्हा पंचायतीत सदस्य होती. नदीकाठी तिची वाडी. सातवी शिकलेली आणि बोलायला कडक.

मासिक सभेची आमची एक रीत होती. सदस्य आले की आधी रजिस्टर फिरायचं. माणसं शेतातून आलेली, कोणाला दूध काढायचं, कोणाला एसटी गाठायची. मग सगळे कोऱ्या पानाच्या तळाशी सह्या करायचे, चहा प्यायचे, चार गोष्टी बोलायचे आणि जायचे. वरचा मजकूर मी दुसऱ्या दिवशी सावकाश, नीट अक्षरात लिहायचो. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. उलट लिहून झाल्यावर सही मागितली असती, तर माणसांना तो अविश्वास वाटला असता.

बाजार हलवायच्या ठरावाच्या दिवशी सही करताना तिनं मला विचारलं होतं, "बाबूजी, आज काय लिहून राहिले?"

"नेहमीचंच," मी म्हणालो.

नेहमीचं नाही, हे मला ठाऊक होतं. सकाळीच सरपंचांनी मला बोलावून सांगितलं होतं, "सूचक म्हणून त्या बाईचं नाव टाका. मग तिची माणसं कोणाशी भांडतील?" मी मान हलवली होती. माझ्यावर जोर झाला, धमकी झाली, असं काही झालेलं नाही. साहेबांनी काम सांगितलं आणि मी ते केलं, एवढंच. ठराव लिहून झाल्यावर पान सुंदर दिसतं म्हणून मी ते सरपंचांना दाखवलंही.

बाजार हलला. भाजीवाली माणसं पंचायतीवर आली. सरपंचांनी रजिस्टर उघडून तिच्या चुलत दिरापुढे धरलं. दिरानं तिला समोर बोलावलं.

"वहिनी, सही कोणाची हाय?"

"माहीच हाय."

"मंग बोला न आता."

ती माझ्याकडे पाहत होती. मी टेबलावरचे कागद सारखे केले. तिनं एकदाच सांगितलं, "मी असं बोलली नाही." कोणी ऐकून घेतलं नाही. सही तिची होती.

त्या दिवसापासून तिच्याच माणसांत तिचं नाव सूचकबाई पडलं. नव्या जागेवर पहिल्या पावसाळ्यात चिखल झाला, तेव्हा रांगेतून बाया म्हणायच्या, "सूचकबाई, गाळ तर मस्त सुचवला तुमी." ती पुन्हा निवडणुकीला उभी राहिली नाही. ग्रामसभेलाही आली नाही. बाजारात रांगेच्या अगदी शेवटी, थोडं अंतर ठेवून बसू लागली. आजही तिथेच बसते. मी तिच्याकडून कधी भाजी घेतली नाही. रांगेच्या त्या टोकापर्यंत जायचंच टाळलं.

फळा लिहून झाला त्याच सकाळी मी तिच्या वाडीवर गेलो. ती सांबार उपटून जुड्या बांधत होती. मला पाहून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, हात थांबवला नाही.

"या बाबूजी. वाट चुकले काय?"

"बाई, तो ठराव मी लिहिला. तुमचं नाव मीच टाकलं."

"मले माहीत नाई का ते? अक्षर वळखते मी तुमचं."

"माझं चुकलं. माफी मागायला आलो."

तिनं जुडीला गाठ मारली. "इथं सांगून काय फायदा? ह्या सांबाराले सांगून राहिले का तुमी? जिथं लिहिलं तिथं लिहा. जिथं वाचलं तिथं वाचा."

"ग्रामसभेत सांगतो. तुम्ही याल?"

"मी काहून येऊ? नळाचं बोलली, तर म्हणतील तुमीच तर नेला होता बाजार तिकडं." मग पुढची जुडी उचलत म्हणाली, "तुमी आधी बोला. मंग पाहते."

घरी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, सरपंच गेले, गाळे उभे राहिले. आता उकरून काय निघणार? लोक तुमच्याच तोंडावर बोलतील." मी म्हटलं, बोलू दे. एवढी वर्षं ती तोंडावरच ऐकते आहे.

ग्रामसेविका तरुण मुलगी आहे, अकोल्याकडची. तिला मी विचारलं, जुना ठराव दुरुस्त होईल का?

"नाही होत, काका. जुन्या बुकात आता टिंबही देता येत नाही. पण तुम्ही सभेत निवेदन करा. मी ते आजच्या इतिवृत्तात शब्दाला शब्द घेते."

सभा समाजमंदिरात भरली. सोयाबीन निघालेलं आणि कापसाची वेचणी लागायची होती, म्हणून माणसं बऱ्यापैकी होती. नाल्या झाल्या, फवारणी झाली. सोयाबीनवर मात्र वाद झाला. एक जण म्हणाला, "रस्त्यावर नाई त मंग काय डोक्यावर वाळवू?" लोक हसले. टाकीचा विषय लवकर संपला. पाचवा विषय पुकारला तेव्हा ती दाराशी येऊन उभी होती. आत आली नव्हती.

मी उठलो. खुर्चीची पाठ धरली. सही आधी कशी घेतली, तिनं काय विचारलं, मी काय उत्तर दिलं आणि दुसऱ्या दिवशी काय लिहिलं, हे सगळं सांगितलं. सरपंचांनी सांगितलं हे खरं, पण लिहिणारा हात माझा होता, असंही म्हणालो.

मग मागून आवाज आला, "बाबूजी, तवा काय तोंडात गूळ होता काय?"

"होता," मी म्हणालो.

तिचा चुलत दीर पुढच्याच रांगेत होता. आता काठी घेऊन चालतो. तो उठला आणि तिच्या शेजारून बाहेर निघून गेला. मला वाटलं होतं, तो काही तरी बोलेल.

ती आत आली आणि ग्रामसेविकेच्या टेबलापाशी थांबली. "बाबूजी काय बोलले ते लिहिलं का, बाई?"

"लिहिलं, मावशी."

"वाचा. मोठ्यानं."

ग्रामसेविकेनं वाचलं. एका जागी 'गैरसमजातून' असा शब्द होता. टेबलापाशी उभी ती म्हणाली, "गैरसमज नव्हता तो. खोडा." मीही म्हणालो, खोडा. त्या जागी 'खोटे' लिहिलं गेलं, आणि खोडलेल्या शब्दाशेजारी मी सही केली.

मग ती सभेकडे वळली. नळ फाट्यावर कुठे हवा, टाकीकडून पाइप कोणत्या बाजूनं आणला तर उतार मिळेल, हे तिनं सांगितलं. सगळं तिच्या डोक्यात तयार होतं. किती वर्षांपासून होतं, कोण जाणे. नळ देण्याचं ठरलं.

"सूचक कोण लिहू?" ग्रामसेविकेनं विचारलं.

सभेत कोणीतरी हसू दाबलं. तिनं तिकडे पाहिलं नाही.

"मी हाय. लिहा माहं नाव."

ग्रामसेविकेनं सवयीनं रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. तिनं ते परत लोटलं. "पयले लिहून घ्या सगळं."

ठराव पूर्ण लिहून होईपर्यंत ती उभी राहिली. मग एक-एक ओळ बोट ठेवून वाचली. मजकूर आणि सहीची जागा यांच्यामध्ये चार बोटं कोरा कागद उरला होता. तिनं पेन घेतलं, त्या कोऱ्या जागेवर या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरपी रेघ ओढली, आणि मग सही केली.

पेन तिनं मला दिलं नाही. टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "उद्या बाजार हाय. सांबार पाहिजे असल तर टोकापर्यंत या."

मी गेलो.