तिसऱ्या नावापुढची फुली

मार्चमध्ये इथे नेदरलँड्समध्ये खेमेंटेची, म्हणजे नगरपालिकेची, निवडणूक झाली. त्या दिवशी मुलीला कामासाठी टिलबर्गला जायचं होतं. सकाळी बूट चढवता चढवता तिने आपल्या मतदान-पासच्या मागे सही केली, ओळखपत्राची प्रत त्याला जोडली आणि दोन्ही माझ्या हातात दिली.

"बाबा, तुमच्याबरोबर माझंही टाकून या. नाव मागे चिठ्ठीवर लिहिलंय."

या देशात हे चालतं. आपलं मत सही करून दुसऱ्याच्या हाती देता येतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मुलीने तर माझ्या तोंडाकडे पाहिलंही नाही. पण शाळेतल्या मतदान केंद्रात, चादरीएवढ्या त्या मतपत्रिकेसमोर लाल पेन्सिल घेऊन मी बराच वेळ नुसता उभा राहिलो. चिठ्ठीवरचं नाव मी चार वेळा वाचलं. मग रंगवायचा तो गोल इतक्या जोरात रंगवला की कागद फाटायचा राहिला. बाहेर येऊन बाकावर बसलो तेव्हा शर्ट घामाने ओला होता. थंडी चांगलीच होती.

दुसऱ्याचं मत हातात घेण्याची ती माझी पहिली वेळ नव्हती. वय झालं आहे, आणि हे लिहिणारा माझ्याशिवाय कुणी नाही, म्हणून लिहितो.

नेदरलँड्सला येण्याआधी मी इंग्लंडमधल्या एका मध्यम शहरात अडतीस वर्षं काढली. तिथल्या मराठी मंडळाचा मी बरीच वर्षं अध्यक्ष होतो. अध्यक्ष म्हणजे काय, तर फॉर्म भरणारा माणूस. पासपोर्टचे फॉर्म, पेन्शनचे फॉर्म, कौन्सिलचे फॉर्म. रविवारी मंडळाच्या मराठी वर्गाला लोक पोरांबरोबर पाकिटं घेऊन यायचे आणि मी चष्मा लावून बसायचो. टपाली मतदान वाढलं तशी त्या पाकिटांत मतपत्रिकाही येऊ लागल्या. कुणी ठरवलं नाही, कुणी विचारलं नाही. तोही एक फॉर्मच, असं त्यांना वाटलं. मीही स्वतःला तसंच वाटू दिलं.

त्या देशाची मतदानाची रीत सरळ आहे. एका मतदारसंघात ज्याला सगळ्यांत जास्त मतं, तो निवडून येतो. मग निम्म्याहून जास्त लोकांनी त्याला नाकारलेलं असलं तरी चालतं. त्यामुळे लोक मनातल्या माणसाला मत देत नाहीत, नको असलेल्याला पाडायला देतात. दोन मोठे पक्ष पिढ्यानपिढ्या आलटून पालटून बसतात, आणि बाकीच्यांना दिलेलं मत वाया गेलं म्हणतात. मी हे भाषण तोंडपाठ केलं होतं. दोन पक्षांपैकी एकाचा स्थानिक माणूस माझ्या ओळखीचा झाला होता. गणपतीला शाळेचा हॉल हवा तर तो शब्द टाकायचा. निवडणूक आली की हसत हसत म्हणायचा, तुमची मंडळी तुमचं ऐकतात, नाही का.

ऐकत होती. एक वहिनी सोडून.

वहिनी म्हणजे माझ्या मित्राची बायको. तो गेल्यावर एकटीच राहायची. मूलबाळ नाही. तिने भारतीय पासपोर्ट कधी सोडला नाही. कायमच्या वास्तव्याचा परवाना होता, आणि भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे त्या परवान्यावर तिला तिथे मतही देता यायचं. त्या वर्षी आमच्या भागातून वाचनालयातला एक मास्तर उभा राहिला होता, एका छोट्या पक्षातर्फे. संध्याकाळी परदेशी बायकांना इंग्रजी शिकवायचा. वहिनी त्याच्या वर्गात तीन वर्षं जात होती.

मतदानाच्या आठवड्यात तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने धूसर. मी तिच्या स्वयंपाकघरात बसून नावं वाचून दाखवली.

"तिसरं," ती म्हणाली. "मास्तरांचं."

"वहिनी, ते येत नाहीत निवडून. मत वाया जाईल."

"जाऊ दे की. माझंच आहे ना?"

"तसं नाही. दुसरा आला तर त्रास आपल्याला..."

"भावोजी, तुम्ही फुली मारा. चहा निवतोय तुमचा."

मी फुली मारली. तिसऱ्या नावापुढे नाही, पहिल्या नावापुढे. माझ्या ओळखीच्या माणसाच्या उमेदवारापुढे. मग सोबत पाठवायच्या दुसऱ्या कागदावर तिचं बोट धरून सहीच्या जागी नेलं आणि तिने सही केली.

"झालं?"

"झालं."

पाकीट मीच चिकटवलं आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकलं. बाकीच्यांना निदान मी भाषण देऊन वळवलं होतं, किंवा ते "तुम्हीच बघा" म्हणाले होते. ते काही कमी वाईट होतं असं नाही. पण वहिनीने स्पष्ट नाव घेतलं होतं.

आमचा उमेदवार आला. त्याला नको म्हणणारे हवा म्हणणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होते, पण ते तीन-चार जागी वाटले गेले होते. वहिनीच्या एका मताने काही फरक पडला नसता, हे मी स्वतःला फार वेळा सांगितलं आहे. हॉल दोन वर्षं मिळाला, मग तोही बंद झाला. निवडून आलेला माणूस परत फिरकला नाही. पुढे दुसरा पक्ष आला, तो तसाच निघाला. दुकानात, दवाखान्यात, बसच्या थांब्यावर एकच ऐकू यायचं, सगळे सारखे. आधी लोक वैतागून म्हणायचे. नंतर शांतपणे म्हणू लागले, आणि मला तेच जास्त वाईट वाटायचं. त्या शांतपणात एक नवा पक्ष वाढला. परक्या पासपोर्टवर राहणाऱ्यांचे कायमचे परवाने रद्द करू, असं तो उघड म्हणतो.

माझी पत्नी गेल्यावर मी मुलीकडे नीउ-व्हेनेपला आलो. ही सगळी जमीन एकेकाळी तळ्याचा तळ होती. पंप चालू आहेत म्हणून ती कोरडी आहे, असं शेजारच्या डच गृहस्थाने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. तो सज्जन आहे. माझा कचऱ्याचा डबा आठवणीने बाहेर ठेवतो. इथे पक्ष चिक्कार, सरकार बनायला महिनोन् महिने लागतात, आणि तोही हल्ली कुंपणाशी उभा राहून म्हणतो, सगळे सारखेच, बाहेरच्यांना आवर घालणारा कुणी हवा. मग माझ्याकडे बघून घाईने म्हणतो, तुमच्याबद्दल नाही हं.

मुलीचं मत टाकून आल्यावर आठवड्याभरातच वहिनीचा फोन आला. दुपारची वेळ, मी एकटाच होतो. तिथे आमच्या जुन्या मतदारसंघात पोटनिवडणूक लागली होती. मुदत पुरी व्हायच्या आधीच खासदार राजीनामा देऊन कुठल्याशा कंपनीत गेला होता. ब्रिटिश नागरिक म्हणून माझं नाव तिथल्या मतदार यादीत अजून होतं.

"भावोजी, ते लांबुडकं पाकीट आलंय. तुमचं आलं का?"

"नाही अजून. परदेशात उशिरा येतं."

"बरं, मला सांगा कुठे फुली मारू. या वेळी डोळे ठीक आहेत, डोकं चालत नाही. तो नव्या पक्षाचा आला होता दारावर."

"काय म्हणाला?"

"फार अदबीने बोलला. म्हणाला, तुमच्यासारख्यांबद्दल नाही आमचं. मी म्हटलं, माझाही पासपोर्ट तुमच्यासारखा निळा आहे, पण भारतातला निळा. तर म्हणाला, ओ. चहा विचारला, नको म्हणाला." ती जराशी हसली. "त्याला पाडायचा तर कुणाला द्यायचं? एक म्हणते याला, एक म्हणते त्याला. मत वाया जायला नको, तुम्हीच सांगायचात. भावोजी, हा आला आणि माझा परवाना गेला तर मी या वयात जायचं कुठे? पुण्यात आता कोण आहे माझं?"

नाव माझ्या ओठांवर आलं होतं. मी इथे बसून आकडे पाहिले होते, मत कुठे एकवटायला हवं ते मला कळत होतं, आणि या वेळी माझा सल्ला कदाचित बरोबरही होता. तेवढ्यासाठीच मला तो देता येईना.

"वहिनी, आधी एक ऐका. तुमच्या डोळ्याला पट्टी होती तेव्हा..."

मी सगळं सांगितलं. पलीकडे किटलीचा आवाज वाढत गेला आणि बंद झाला.

"मी तोंडावर सांगितलं होतं हो मास्तरांना," ती म्हणाली. "मी बेसनाचे लाडू घेऊन गेले होते ते हरल्यावर. म्हटलं, माझं मत तुम्हालाच. किती खूश झाले. शेवटपर्यंत दर नाताळात कार्ड पाठवायचे, माझ्या मतदारबाईंना म्हणून."

मी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"आणि ह्यांचं मत? हे होते तेव्हा?"

"त्याने कागद कधी माझ्या हातात दिला नाही. स्वतःच मारायचा फुली."

"हं. म्हणायचेच ते."

"काय म्हणायचा?"

"जाऊ द्या." पलीकडे कपात पाणी ओतल्याचा आवाज आला. "मग आता मी कुणाला विचारू?"

"कुणालाच नको. तुम्हाला वाटेल तिथे मारा."

"सोपंय तुम्हाला. तुम्ही तिकडे आहात."

तिने फोन ठेवला.

त्यानंतर मी मंडळातल्या ज्या ज्या घरांच्या मतपत्रिकांना माझा हात लागला होता, त्या सहा घरांना पत्रं लिहिली. दोन घरांत आता कुणी उरलेलं नाही. एकाने उत्तर पाठवलं, कशाला उकरता, सगळे सारखेच. बाकीच्यांकडून काही आलं नाही. माझी स्वतःची मतपत्रिका मतदान संपल्यावर दोन दिवसांनी नीउ-व्हेनेपला पोचली.

तोवर निकाल लागला होता. नव्या पक्षाचा माणूस आला. पुन्हा तसंच, त्याला नको म्हणणारे कितीतरी जास्त, पण विखुरलेले. ज्या रितीचा हवाला देऊन मी आमच्या माणसाला आत पाठवलं, त्याच रितीने हा आत गेला. एका पोटनिवडणुकीने कायदा बदलत नाही, हे मलाही कळतं. पण मुख्य निवडणूक दूर नाही, आणि दोन्ही जुने पक्ष आता भ्यायल्यासारखे याच्याच भाषेत बोलायला लागले आहेत.

वहिनीला फोन केला. तीन दिवस तिने उचलला नाही. चौथ्या दिवशी उचलला.

"वहिनी, मत दिलंत?"

"दिलं."

"कुणाला?"

"ते तुम्हाला कशाला?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी विचारलं, परवान्याचे कागद नीट आहेत ना, शिक्का जुन्या पासपोर्टवर आहे, तो नव्या ऑनलाइन पद्धतीने नोंदवून घ्यावा लागेल, मी फॉर्म भरून देऊ का.

"नको," ती म्हणाली. "वाचनालयात एक बाई बसते, तिच्याकडून घेते करून. मी वाचेन आधी."

"तब्येत?"

"ठीक आहे. सगळे कागद एका पिशवीत घातलेत. जुने पासपोर्ट, घराचे, ह्यांचा मृत्यूचा दाखला. दाराशी ठेवलीय पिशवी."

"दाराशी कशाला?"

"असू दे," ती म्हणाली.