भिंगरीचा नमस्कार

घोटाळा मामानंच केला होता. चार वर्षांच्या भाचीला, म्हणजे भिंगरीला, त्यानं महिनाभर पढवून ठेवलं होतं, आणि दवाखान्यात शिरताच ती खणखणीत आवाजात म्हणाली, “नमस्कार डॉक्टर!” मामाची छाती फुगली. डॉक्टरांनी मात्र हातातलं पेन खाली ठेवलं.

“छान बोलते की! तपासणीला कशाला पाठवायचं?”

भिंगरीच्या आईचा चेहरा पडला. ऑटिझमच्या तपासणीला मोठ्या दवाखान्यात जायचं, तर या डॉक्टरांची चिठ्ठी हवी होती. चिठ्ठीशिवाय तिथं कुणी उभं करत नव्हतं. ती घरी शिवणकाम करायची. मागं पोरीचा जरा आवाज झाला की मशीनवरचे पाय थांबवायची. न जाणो, हाक असली तर खडखडाटात ऐकू यायची नाही. हाक कधीच नसायची. भिंगरी आपली मशीनच्या चाकाकडे बघत बसलेली.

“डॉक्टर, मी कोण ते तिला विचारा,” आई म्हणाली.

डॉक्टरांनी विचारलं. भिंगरी वरच्या पंख्याला म्हणाली, “नमस्कार डॉक्टर!” मग वजनकाट्याला नमस्कार झाला, खुर्चीला झाला. आईकडे तिनं पाहिलंही नाही. डॉक्टरांनी पुन्हा पेन उचललं.

बाहेर आल्यावर मामा ओशाळून म्हणाला, “ताई, चुकलंच माझं. आता महिनाभरात तिला ‘आई’ म्हणायला शिकवतो की नाही बघ.”

ताईनं चिठ्ठी जपून पर्समध्ये ठेवली.

“खबरदार! ते तिचं तिला म्हणू दे.”