गल्लीत पुकारलेली नावं

मंडप-लाऊडस्पीकरच्या धंद्यात किस्से तसेही कमी पडत नाहीत. पण गोदामामागच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकून परदेशी कार्टूनचं मराठी डबिंग सुरू केलं, तेव्हापासून ते असे साचलेत की जुना खपवल्याशिवाय नवा ठेवायला जागा नाही.

आम्ही तिघं. भाषांतराला रिटायर झालेले देशमाने गुरुजी, आवाजाला शैलाताई, मशीनवर मी. माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. काम देणाऱ्या कंपनीची अट एकच: कार्टूनमधल्या नावांना अर्थ असतो, तो मराठी पोरांना कळला पाहिजे.

*

पहिला ससा. भरधाव पळतो म्हणून गुरुजींनी नाव ठेवलं 'शीघ्रगामी'. शैलाताईंनी दोनदा म्हणून बघितलं आणि हेडफोन काढला. "गुरुजी, ससा बिळात गेला, नाव अजून बाहेरच हाय."

सशाचा 'पळ्या' झाला.

*

टक्कर मारणाऱ्या मेंढ्याला 'डोईफोडे' केलं. लई झकास वाटलं. दुसऱ्या दिवशी वायरिंगला आलेला माणूस ते ऐकून स्टुलावरच थबकला. आडनाव डोईफोडे! आमची तोंडं उतरली. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. आमचा थोरला भाऊ असाच हाय."

तरी बदललं, आणि नियम केला. नवं नाव शैलाताईंनी पायरीवर उभं राहून गल्लीत तीनदा पुकारायचं. कुणी ओ दिली की नाव रद्द. 'पोटभरे' पुकारलं, तर समोरच्या हॉटेलातून एकजण भरला कप ठेवून आला. त्याला दुसरा चहा पाजला.

*

कासवाला मी 'हळ्या' सुचवलं. गुरुजी बसले अडून. कासव वयानं मोठं, त्याला पळ्यानं अरेतुरे करायचं? मग 'हळूनाना' ठरलं. कंपनीच्या मॅडमनी फोनवर विचारलं, मुळात तर कुणी नाना नाही, हा आला कुठून?

म्हटलं, "मॅडम, तिकडं म्हाताऱ्याला नुसत्या नावानं हाक मारत असतील. अंबाजोगाईत कानफटात बसते."

*

आणि बेडूक. दिसेल ते तळं आपलंच म्हणणारा. त्याचं नाव 'गिळेराव'. तीनदा पुकारलं, गल्लीतलं कुत्रंसुद्धा उठलं नाही. नाव पास.

भाग मोबाइलवर आले आणि गावात कुजबुज सुरू झाली, बेडूक अगदी आबांसारखा चालतो. आबा म्हणजे आमच्या जागेचे मालक, तालुक्यातले मोठे पुढारी. भाडेकरार त्याच महिन्यात संपत होता. त्यात कळलं, त्यांची नात त्यांना घरात गिळेराव म्हणते. मग आबांचाच फोन आला, "येतो."

गुरुजींना लगेच ताप भरला. शैलाताई गाद्या कुठं हलवायच्या ते बघायला लागल्या.

आबा नातीला घेऊन आले. म्हणाले, लावा. लावलं. पडद्यावर बेडूक म्हणतोय, हे तळं माझं, पलीकडचंही माझं. आबांची मान खाली. खांदे हलत होते. मग उपरण्यानं डोळे पुसत ते जे हसले, नात घाबरली!

करार पुढं चालू ठेवा म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला, तशी जीभ सुटली.

"आबा, आमची रीतच हाय. नाव आदी गल्लीत पुकारतो. कुणीच ओ दिली न्हाई, म्हणून ठेवलं."

आबा चप्पल घालत होते.

"तवा मी मुंबईला गेलतो."