शेळीनं खाल्लेली पानं

आमच्या घरात लग्नकार्य असलं की पंगत उठल्यावर पोरं मला घेरतात. "काका, शेळीची गोष्ट सांगा न!" मी थोडे आढेवेढे घेतो, पान लावतो आणि मग सांगतोच. आमच्या शेळीनं इंग्रजी डिक्शनरीची चार पानं कशी खाल्ली, याची ती गोष्ट. पोरं हसून लोळतात. घराण्यात मला जी काही किंमत आहे ती या शेळीमुळे.

गोष्ट खोटी आहे. डिक्शनरी तेवढी खरी.

माझे वडील आणि थोरले काका वेगळे निघाले ते पन्नास सालानंतर कधीतरी. वाटणीला किन्हीराजाहून पंच आले होते. त्यांचा नेम एकच, जे आहे त्याचे दोन भाग. बैलजोडीतला एकेक बैल दोघांना दिला. पुढे पेरणीला दोघेही गावभर दुसरा बैल मागत फिरले, पण एकमेकांच्या दारी गेले नाहीत. शेवटी उरली आजोबांची डिक्शनरी.

"दोघायचेही पोट्टे मॅट्रिकले हायेत," पंच म्हणाले. "एकाले देली तं दुसऱ्यावर अन्याय होते."

विळ्यानं ती मधोमध चिरली. पंचांना वाचता येत नव्हतं, म्हणून दोन्ही भाग तराजूत घातले. काकांच्या वाट्याचा पुढचा भाग जाड पुठ्ठ्यामुळे जड भरला. पंचांनी त्यातली सुटी झालेली चार पानं उपसून आमच्या पारड्यात टाकली. काटा मधोमध आला आणि सगळ्यांचं समाधान झालं. त्या चार पानांवर सगळे 'कॉन'नं सुरू होणारे शब्द होते.

चुलतभाऊ आणि मी वाशिमला एकाच वर्गात होतो. आमचे इंग्रजीचे मास्तर सारख्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या शब्दांचे अर्थ घोकून घेत. मॅट्रिकच्या आधी शाळेची चाचणी असे आणि तीत पास होईल त्याचाच फॉर्म पुढे जाई. चाचणीच्या आठवडाभर आधी मास्तर म्हणाले, "यंदा 'कॉन' पाहून या."

दोन घरांमध्ये तेव्हा तुराट्यांचा कूड उभा राहिला होता. त्याच संध्याकाळी कुडापलीकडून हाक आली.

"बे, थे चार पानं दे. सकाळी वापस देतो."

"नाहीत."

"काहून?"

"शेळीनं खाल्ली."

त्यानं खुंट्याच्या शेळीकडे पाहिलं. ती काहीतरी चघळतच होती. साक्षीदार म्हणून अगदी बरोबर वेळेवर.

"चारही?"

"चारही."

वडिलांनी मनाई केली होती, असं लिहायची मला फार इच्छा आहे. पण ते काहीच म्हणाले नव्हते. तो वर्गात नेहमी माझ्यापुढे असे, एवढंच कारण. दुसऱ्या दिवशी मोठमाय, म्हणजे त्याची आई, माझ्यासाठी गडवाभर ताक घेऊन आली. "वाचलं असशीन तं तोंडानं सांग बापा त्याले. त्याचं वरीस चाल्लं." मी म्हटलं, आठवत नाही. ताक मात्र पिऊन टाकलं.

मग माळ्यावर बसून पाठांतर. कन्सील म्हणजे लपवणे. त्याच्या खाली कन्सीड, कबूल करणे. त्याच्याही खाली कन्सीट, अहंकार. मी डोळे मिटून घोकत होतो. मार्कांखेरीज या अर्थांचा दुसरा काही उपयोग असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

चाचणीत तो इंग्रजीत चार मार्कांनी राहिला. काका म्हणाले, "बस झालं. घरी एकच बैल हाय, हाताले माणूस पायजे." मी पुढे मॅट्रिक झालो, तेही थर्ड क्लासात, आणि कारकून झालो. इतक्या वर्षांच्या नोकरीत 'कॉन'चा एकच शब्द कामी आला, कॉन्फिडेन्शियल. त्याचाही शिक्का तयार होता, लिहावा लागला नाही.

मॅट्रिकच्या निकालानंतर ती पानं घेऊन मी त्याच्या शेतात गेलो. तो पिकातलं तण काढत डवरत होता. त्यानं घरचा आणि मागून आणलेला असे दोन्ही बैल थांबवले, पानांकडे पाहिलं.

"शेळीनं वापस देल्ली का?"

त्यानं बोटानं बांध दाखवला. मी पानं तिथे ठेवली. ती उडू नयेत म्हणून त्यानंच वर एक ढेकूळ ठेवलं आणि पुन्हा तासाला लागला. पुढे पाऊस आला. पानं त्यानं उचलली की नाही, हे मी विचारलं नाही.

तो प्रत्येक लग्नाला येतो. माझी गोष्ट चालू असली की जवळच सुपारी कातरत बसतो. अडकित्ता थांबत नाही आणि तो मला एकदाही खोटं पाडत नाही. मागच्या लग्नात एका चिमुरडीनं विचारलं, "मंग त्या शेळीचं काय झालं?"

हा प्रश्न मला आजवर कोणी केला नव्हता. मी पानाला चुना लावत राहिलो.

"पास झाली," तो म्हणाला.

सगळा मांडव हसला. मीही हसलो, जरा उशिरानं.